किल्ली माझ्यावर आहे

मला ठोकळा म्हणतात. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्यालाही माणसं हेच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अलीकडे मला ते पटायला लागलंय. माझ्या देखत इतकं बोलणं झालं, इतके कागद इकडचे तिकडे झाले, पण त्यातलं निम्मं मला अजून उमगलेलं नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. तुम्हाला उलगडा झाला तर कृपा करून मलाही सांगा.

ट्रक उभा केला की मागच्या चाकाला लाकडाचा एक तिरपा तुकडा टेकवून ठेवतात, गाडी सरकू नये म्हणून. तो मी. एका मोडलेल्या पुलाच्या तुळईतून मला कापलं. कापणारा सुतार नव्हता, एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने मला तासलं, एका बाजूला लोखंडी आकडा ठोकला, दुसऱ्या बाजूला दोरीचा फास बांधला आणि आपल्या शिकाऊ ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"हा चाकाखाली सरकवलास की गाडीची किल्ली या आकड्याला अडकवायची," उस्ताद म्हणाला. "तू गाडीच्या मागं असशील, नाही तर खाली शिरला असशील. वर कुणी शहाणा चढून गाडी सुरू करायला गेला तर किल्ली कुठंय? खाली. म्हणजे त्याला आधी वाकावं लागेल. वाकला की तू दिसशील."

"आणि काम संपल्यावर?"

"काम संपल्यावर ती तुझ्या खिशात. किल्ली खिशात, माणूस घरी. किल्ली ठोकळ्यावर, माणूस कामावर. एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या ड्रायव्हरांमध्ये ही पद्धत मी कधी पाहिली नाही. त्या दोघांचीच ती. उस्ताद पुढे थकला, गेला, आणि मी या शिकाऊ पोराचा झालो. पोरगा कसला, बघता बघता तो पोक्त गृहस्थ झाला. कुणी मागून हॉर्न वाजवला, पुढून शिवी घातली, गोदामवाल्याने घाई केली, की याचं उत्तर एकच, "सावकाश." त्यामुळे सगळ्या अड्ड्यांवर त्याचं नाव सावकाशदादा पडलं होतं.

माझा जन्म जमिनीलगत गेला. माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत, पायताणं ठाऊक आहेत. दादाचे बूट टाचेकडून बाहेरच्या अंगाला झिजलेले. ते खाली उतरले की माझं काम सुरू. गाडी धावत असताना मी सांगाड्याखाली दोरीला लोंबकळत नुसता झुलायचो. मला सुट्टीच ती. गाडी थांबली की मग खरा भार अंगावर यायचा. चाक माझ्यावर रेलायचं, किल्ली आकड्याला झुलायची, वाऱ्याने तिची कडी लाकडावर घासायची. घासून घासून आकड्याखाली माझ्या अंगावर एक कमानीसारखी खाच पडली. ती खाच मला दागिन्यासारखी वाटायची. आता तुम्हीच सांगा, ज्याचं सगळं आयुष्य गाडी थांबल्यावर सुरू होतं, त्याला जर कुणी सांगितलं की गाडी थांबली की काम संपतं, तर त्याने काय समजायचं?

पण ते नंतर. आधी तो दिवस.

भर दुपार होती. गोदामाच्या आवारात थोडा उतार होता. दादाने गाडी मागे घेत घेत माल उतरवायच्या सिमेंटच्या ओट्यापासून जरा अलीकडे उभी केली, कारण फाळका, म्हणजे ट्रकची मागची फळी, आधी उघडावी लागते. इंजिन बंद झालं. बूट उतरले. मला चाकाखाली सरकवून त्याने टाचेने एक ठोकर दिली, किल्ली आकड्याला लावली. ओट्यावरून मुकादम ओरडला, "अरे उघड की लवकर! माझी माणसं खोळंबलीत."

"सावकाश," दादा म्हणाला आणि मागे गेला.

फाळक्याची कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. मग आत काहीतरी गडगडलं. रस्त्याच्या हादऱ्यांनी आतला दोर सैल पडला असावा. एक भरलेलं पिंप फाळक्यावरून खाली आलं, गाडी थरथरली, आणि मला फक्त एक बूट दिसला. आडवा पडलेला. नेहमीपेक्षा चपटा.

मग पायच पाय. धावणारे, घसरणारे. वॉचमनने माझ्या अंगावरून किल्ली ओरबाडली, कुणीतरी म्हणालं, "गाडी सरकली वाटतं." दुसरा म्हणाला, "ठोकळा नीट लावला नसेल." मी हादरलो. मी घसरलो होतो का? चाक तर माझ्या अंगावरच होतं. पण गाडी थरथरली तेव्हा मी तसूभर हललो असेन तर? मला खरंच सांगता येईना.

दादाला घेऊन गेले. मला एका पोत्यात घातलं, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि ट्रक कंपनीच्या ऑफिसात आणलं. तिथे क्लेमचं टेबल आहे. कामावर असताना ड्रायव्हरला इजा झाली की विम्याकडून उपचाराचे पैसे मिळवायचे, त्याची सगळी भानगड त्या टेबलावर चालते. टेबलामागे एक मॅडम बसतात. सपाट चपला, एकीचा अंगठा सुटत आलेला.

शिपाईमामांनी मला टेबलावर आपटलं.

"मामा! हे काय?"

"पुरावा आहे म्हणे. सांभाळा. तुमच्या फायलींना पाय फुटतात, हा तरी बसल्या जागी बसेल."

पुरावा म्हणजे काय ते मला कळलं नाही. मी आरोपी आहे असंच धरून चाललो होतो. विम्याचे चौकशीवाले साहेब आले, करकर वाजणारे काळे बूट. त्यांनी मला उलटंपालटं केलं, गोदामात काढलेले फोटो बघितले आणि म्हणाले, "गाडी जागची हललेली नाही. अपघाताशी चाकाचा किंवा ठोकळ्याचा काही संबंध नाही. ठेवून द्या हा."

मी घसरलो नव्हतो! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, झालं, सुटलो दोघेही. आता मला दादाकडे नेतील.

कुठलं काय. साहेब पुढे म्हणाले, "पण मुद्दा वेगळाच आहे. हा माणूस त्या वेळी कामावर होता का?"

ट्रकमध्ये एक डबी बसवलेली आहे. इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, ते ती ऑफिसला कळवते. डबी म्हणत होती, इंजिन बंद. वॉचमनने सांगितलं होतं, किल्ली गाडीत नव्हती, बाहेर ठोकळ्यावर होती. त्या गोदामात काही ड्रायव्हर पुढच्या पाळीवाल्यासाठी किल्ली कुठेतरी ठेवून परस्पर घरी जातात. साहेबांनी दोन्हींची बेरीज केली. गाडी बंद, किल्ली काढून ठेवलेली, म्हणजे ड्रायव्हरने गाडी सोडली होती. जाता जाता उगाच मागे हात घालायला गेला.

"माल उतरवणं हमालांचं काम," साहेब म्हणाले. "याचं काम चालवणं. चालवून झालं होतं."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग इतका होता की त्यांचा चेहरा मला कधी पूर्ण दिसलाच नाही. त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण दादाची बायको आली.

तिच्या चपलेचा पट्टा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"ताई, मला वाचता येतं, पण हे समजत नाही. नक्की काय लिहिलंय?"

"अपघात झाला तेव्हा ते कामावर नव्हते, असं."

"मग कुठं होते?"

मॅडमनी फाईल उलटली. "गोदामाच्या आवारातच होते."

"आवारात काय हवा खायला गेले होते?"

"तसं नाही हो वहिनी. गाडी बंद होती ना."

"अहो, चालत्या गाडीतून माल उतरवतात का कुठं?"

शिपाईमामा खुसकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मॅडम हसल्या नाहीत. पेन उघडून बंद करत राहिल्या.

"डॉक्टर म्हणतात, पायाचं दुसरं ऑपरेशन लवकर करायला हवं," वहिनी म्हणाली. "हाडं वाकडी जुळली तर तो पाय परत जमिनीला टेकणार नाही. तुमची मंजुरीची चिठ्ठी आल्याशिवाय हॉस्पिटल हात लावणार नाही. आमच्या घरी विकण्यासारखं काही उरलेलं नाही ताई, नाही तर मी इथं आलेच नसते."

"तुमची अडचण कळते मला. पण नियम..."

"ते तर सारखे म्हणतात, किल्ली ठोकळ्यावर होती, किल्ली ठोकळ्यावर होती. गुंगीत पण तेच. काय ते मला माहीत नाही. गाडीतलं ते घरी कधी बोलत नाहीत."

"हो, तेच त्यांच्या जबाबातही आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तेच त्यांच्या विरोधात जातंय."

मला ओरडावंसं वाटलं. आकडा बघा! माझ्या अंगावरची खाच बघा! पण ठोकळ्याला तोंड असतं का? दादाने सांगितलेलं वाक्य आणि कागदावर लिहिलेलं वाक्य अक्षर न् अक्षर सारखं होतं. तरी एकात तो कामावर होता आणि दुसऱ्यात नव्हता. असं कसं होतं? मी अजून विचार करतोय.

वहिनी गेली. मॅडमनी मला टेबलावरून उतरवलं, कारण जागा नव्हती. माझी रवानगी आतल्या खोलीच्या दाराशी झाली. त्या खोलीत जुन्या फायली ठेवतात. दाराला स्प्रिंग आहे, ते आपोआप बंद होतं. मागे एकदा मॅडम आत फाईल शोधत असताना कुणीतरी बाहेरून कुलूप घालून जेवायला गेलं होतं. आतून दार बडवून बडवून त्यांचे हात लाल झाले होते म्हणे. तेव्हापासून त्यांना त्या दाराची धास्ती.

"हा लावतो दाराला," मामा म्हणाले. "पुराव्याला जरा कामाला लावू."

ट्रक अडवणारा मी, आता एक हलकं दार अडवू लागलो. अपमान वाटावा की बरं वाटावं, ठरेना. मग एक गंमत झाली. आत जाताना मॅडमच्या हातात कुलपाची किल्ली होती. ती कुठेतरी विसरायची त्यांना खोड. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकल्या आणि किल्ली माझ्या आकड्याला अडकवली.

"मामा, किल्ली खाली आहे बरं का. कुलूप लावायला कुणी आलं तर वाकावं लागेल."

मी चमकलो. उस्तादचेच शब्द! या बाईंना ते कुणी सांगितले? कुणीच नाही. त्या घाबरल्या होत्या, एवढंच. दादाच्या उस्तादालाही तीच भीती वाटली असेल.

रोज असंच चाललं. मॅडम आत, किल्ली माझ्यावर. मॅडम घरी, किल्ली पर्समध्ये. आणि टेबलावर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, दादाची फाईल. 'कामावर नव्हता' असं लिहिलेली. मॅडमना त्या दोन गोष्टी एकत्र दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या, पण मला हात नाहीत.

एके दिवशी कंपनीचे मोठे साहेब तरातरा आले. "कुठे आहेत मॅडम? टेबल रिकामं!"

मामा स्टुलावर पेंगत होते. दचकून उठले.

"गेल्या वाटतं घरी," साहेब कडाडले. "किल्ली अशी लटकवून गेल्या! कुणीही यावं, किल्ली घेऊन जावं. हा काय पोरखेळ आहे?"

"छे हो साहेब!" मामा म्हणाले. "किल्ली ठोकळ्यावर आहे ना? म्हणजे मॅडम आत आहेत. कामात आहेत. घरी जातात तेव्हा किल्ली घेऊन जातात की."

आत धप्प आवाज झाला. फायलींचा गठ्ठा पडला. मग त्या सपाट चपला हळूहळू दारापर्यंत आल्या.

"मामा, काय म्हणालात तुम्ही?"

"मी? काही नाही. साहेबांना सांगत होतो..."

"तेच. परत म्हणा."

"किल्ली ठोकळ्यावर आहे म्हणजे मॅडम कामात आहेत."

मॅडम फरशीवर बसल्या. मोठे साहेब समोर उभे, त्यांच्याकडे लक्ष नाही. पहिल्यांदाच त्यांचा अख्खा चेहरा मला दिसला. वाटलं होतं त्यापेक्षा त्या खूपच लहान होत्या वयाने. त्यांनी किल्ली काढली आणि आकड्याखालच्या खाचेवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा. उठल्या त्या थेट फोनकडे.

वहिनीने फोन दादाच्या कानाला लावला असावा. मॅडमनी फोनचा आवाज मोठा केला होता. मी इतक्या दिवसांनी दादाला ऐकत होतो.

"किल्ली ठोकळ्याला का अडकवली होती?"

"मी मागं असताना कुणी गाडी सुरू करू नये म्हणून."

"रोज?"

"रोज म्हणजे... कायमच. काम उरकलं की खिशात घालतो."

"अहो दादा, मग हे जबाबात का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! किल्ली ठोकळ्यावर होती म्हणून सांगितलं."

"पण त्याचा अर्थ?"

"त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागेल, असं वाटलंच नाही मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आणि मी विचारलाच नाही," त्या म्हणाल्या, पण फोन ठेवल्यावर.

चौकशीवाल्या साहेबांना परत बोलावलं. मला पुन्हा टेबलावर घेतलं, या वेळी पुसून. साहेब ऐकून घेत होते, पण बूट करकरत होते.

"असं कुणीही सांगेल, मॅडम. आता सुचलेली सबब असेल."

"तुमच्या गाडीची किल्ली द्या."

"का?"

"द्या तर."

त्यांनी दिली. मॅडमनी ती आकड्याला लावली आणि बोटाने हलकेच झोका दिला. किल्लीची कडी खाचेतून गेली, परत आली, पुन्हा गेली. जणू तिच्यासाठीच कोरलेली वाट.

"एका दिवसात एवढं लाकूड झिजतं का साहेब? घरी जाणाऱ्या माणसाने किल्ली ठेवून दिली असती तर ही खाच कुठून आली असती?"

साहेब खाली वाकून बघत राहिले.

"पण इंजिन बंद होतं," ते म्हणाले, मात्र आधीइतक्या जोरात नाही.

"इंजिन बंद झालं एवढंच ती डबी सांगते. माणूस बंद झाला हे आपण ठरवलं."

साहेबांनी आपली किल्ली आकड्यावरून काढून खिशात घातली. मग साहेब म्हणाले, "चहा सांगा." मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "चहा सांगितला म्हणजे झालं काम." मला चहाचा आणि पायाचा संबंध कळला नाही. पण त्याच दुपारी चिठ्ठी हॉस्पिटलला गेली.

साहेब निघताना मॅडमनी ढिगाकडे बोट केलं. "यातल्या किती फायलींवर मी 'गाडी बंद होती' एवढंच बघून शेरा मारलाय, कुणास ठाऊक."

"एका वेळी एक बघा," साहेब म्हणाले.

"माणसं एका वेळी एक पडत नाहीत ना, साहेब."

त्या दिवसापासून मॅडम जुन्या फायलींच्या खोलीत जास्त वेळ असतात. ढिगातून फायली काढतात, फोन लावतात आणि विचारतात, "गाडी थांबल्यावर तुम्ही काय करत होता?" कुणी ताडपत्री बांधत होता, कुणी पायरीवरून उतरत होता, कुणी चाकातली हवा बघत होता. सगळे कामावर. मी ऐकत राहायचो आणि मला वाटायचं, हे विचारायला एवढा वेळ का लागला? हाच तर पहिला प्रश्न असायला हवा होता ना? की मी ठोकळा आहे म्हणून मला असं वाटतं?

मग एका सकाळी दारात काठीचा आवाज आला. एक बूट ओळखीचा, टाचेकडून बाहेर झिजलेला. दुसरा कोराकरकरीत, जाड तळाचा. पण दोन्ही जमिनीला टेकलेले. मागोमाग शिवलेल्या पट्ट्याची चप्पल.

"अहो, सावकाश," वहिनी म्हणाली.

"आता तूही?" दादा म्हणाला.

क्लेमच्या कागदावर सही झाली. दादा उठला, माझ्यापाशी आला. माझ्यावर लटकलेल्या किल्लीकडे बघून गालात हसला.

"मॅडम, आत कुणी आहे का?"

"नाही. मी तर इथे आहे."

"मग किल्ली काढून घ्या. माणूस नसताना लटकवायची नसते. खोटं होतं ते."

मॅडमनी वाकून किल्ली काढून घेतली. वहिनीने पिशवीतून काहीतरी जड बाहेर काढलं. माझ्यासारखाच, पण लहान, नवा, अजून लाकडाचा वास येणारा ठोकळा. त्याला आकडाही होता.

"पडल्या पडल्या केला," दादा म्हणाला. "तुमच्या दाराला. आमचा आम्हाला द्या."

"बरं झालं बाबा," मामा म्हणाले. "हा उचलताना माझी कंबर जायची. आणि मॅडमनी माझा क्लेम नामंजूर केला असता."

आता मी दादाच्या घरी उंबऱ्याशी असतो. त्याला जड गाडी पुन्हा चालवता येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याच्या ट्रकवर दुसरा ड्रायव्हर आहे, त्याच्याकडे रबराचा ठोकळा आहे म्हणे, आकडा नसलेला. दादा रोज काठी घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालायला जातो. जाताना घराची किल्ली माझ्या आकड्याला लावतो. वहिनीने एकदा विचारलं, "आता कशाला? आता कुठं काम आहे तुम्हाला?" तो म्हणाला, "चालायला शिकतोय. हे काम नाही का?" तिने त्याच्या हातात काठी दिली. कामाचा अर्थ मला आधी पक्का ठाऊक होता, आता तेवढा राहिला नाही.

एक विनंती मात्र करतो. कधी एखाद्या उतारावर ट्रक उभा दिसला, इंजिन बंद, केबिन रिकामी, तर ड्रायव्हर निघून गेला असं समजू नका. जरा वाका. चाकापाशी बघा. किल्ली दिसो वा न दिसो, एक हाक मारा. मागून कुणीतरी नक्की ओ देईल.